निकाल जगाचा, माल खान्देशचा

भूसंपादनाचा वाढीव मोबदला सरकारनं थकवला की शेतकरी दिवाणी न्यायालयात दरखास्त लावतो. मग एक दिवस बेलिफ जप्तीचं वॉरंट घेऊन कलेक्टर कचेरीत हजर होतो आणि साहेबांची खुर्ची, संगणक, सरकारी गाडी जप्तीला लागते. महाराष्ट्रात अशा बातम्या अधूनमधून येतातच. गाडी खरंच उचलली जाते की नाही हा पुढचा भाग, पण तेवढ्यानं फाईल हलते.

हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात १५ न्यायाधीश आहेत. बेलिफ एकही नाही.

मग तिथं हरलेलं सरकार काय करतं? कुणी पैसे भरतं, कुणी कायदा बदलतं, कुणी नुसतं कायद्याचं नाव बदलतं, कुणी अपिलात जाऊन बसतं, तर कुणी न्यायालयाचा दरवाजाच बंद करून घेतं. हे सगळे नमुने बघायला फार लांब जायला नको. रावेरची केळी, बोदवडचा कापूस, साक्रीचं ऊन आणि धुळ्याचा तुरुंग एवढा मुलूख फिरलं की जगाचं बरंचसं कायदेशीर राजकारण डोळ्यांखालून जातं.

दाद मागायची, तीही हरणाऱ्याच्याच दारात

संयुक्त राष्ट्रांच्या सनदेत ९४ वं कलम आहे. समोरच्या देशानं निकाल पाळला नाही तर जिंकलेल्या देशानं सुरक्षा परिषदेकडे जावं, असं ते सांगतं. २७ जून १९८६ ला निकाराग्वा हा चिमुकला देश अमेरिकेविरुद्ध जिंकला. त्या वेळी न्यायालयाचे अध्यक्ष भारताचे नगेंद्र सिंह होते. निकाराग्वा सुरक्षा परिषदेत गेला आणि अमेरिकेनं नकाराधिकार वापरला. पुढं निकाराग्वात सरकार बदललं आणि १९९१ मध्ये त्यांनी भरपाईचा दावाच सोडून दिला.

पॅरिसमध्ये मात्र जप्ती लागली

देश हरला आणि समोर कंपनी असली तर गोष्ट वेगळी होते. २०१२ मध्ये आपण मागच्या तारखेपासून लागू होणारा कर आणला. राजस्थानात तेल शोधणाऱ्या केर्न या स्कॉटिश कंपनीनं लवादाकडं दाद मागितली आणि डिसेंबर २०२० मध्ये ती जिंकली. रक्कम होती १.२ अब्ज डॉलर, वर व्याज आणि खर्च. आपलं सरकार त्या निवाड्याविरुद्ध झगडत राहिलं. मग जुलै २०२१ मध्ये बातमी आली की फ्रान्समधल्या न्यायालयाच्या हुकमानं पॅरिसमधल्या भारत सरकारच्या सुमारे २० मालमत्ता गोठवल्या गेल्या आहेत. पुढच्याच महिन्यात संसदेनं तो मागच्या तारखेचा कर रद्द केला. २०२२ च्या फेब्रुवारीत कंपनीला सुमारे ७,९०० कोटी रुपये परत मिळाले.

कर चुकीचा होता तर तो मागं घेणं योग्यच. पण शहादा-शिरपूरच्या शेतकऱ्याला वाढीव मोबदल्यासाठी किती वर्षं खेटे घालावे लागतात हे माहीत असणाऱ्याला ही चपळाई डोळ्यांत भरल्याशिवाय राहत नाही.

केळीचा खटला, २० वर्षांचा

आता घरचा विषय. जगात सगळ्यात जास्त केळी भारतात पिकतात. आपल्याकडं रावेर, यावल, चोपड्याच्या बागाईतदाराचं लक्ष रोज बऱ्हाणपूरच्या आणि रावेरच्या भावाकडं असतं. तो भाव फिरला की गावाचा चेहरा फिरतो. पण जागतिक व्यापाराच्या इतिहासातला सगळ्यात चिवट खटला केळीवरून लढला गेला, हे आपल्या केळीच्या मुलखात अजून म्हणावं तसं कुणी सांगितलेलं नाही.

१९९३ मध्ये युरोपनं केळीच्या आयातीचे नवे नियम केले. आपल्या जुन्या वसाहतींतल्या, म्हणजे कॅरिबियन बेटांवरच्या आणि आफ्रिकेतल्या केळीला त्यात सवलत दिली. लॅटिन अमेरिकेतल्या केळीला कोटा आणि जादा जकात लावली. इक्वेडोर, ग्वाटेमाला, होंडुरास, मेक्सिको आणि त्यांच्या जोडीला अमेरिका, असे पाच जण १९९६ मध्ये जिनिव्हाला जागतिक व्यापार संघटनेत गेले. अमेरिका केळी निर्यात करणारा देश नाहीच. पण लॅटिन अमेरिकेतल्या बागांतून माल उचलणाऱ्या चिकिटासारख्या बड्या कंपन्या अमेरिकन, म्हणून अमेरिका वादी! भारतही या खटल्यात ‘तिसरा पक्ष’ म्हणून बसला होता.

सेंट ल्युसिया हा कॅरिबियन समुद्रातला इवलासा देश. त्याची अर्थव्यवस्था केळीच्या घडावर लटकलेली. स्वतःकडं व्यापार कायद्याचे जाणकार नाहीत म्हणून त्यानं खासगी वकील आणले, तर पहिल्या पायरीवर त्यांना बाहेर बसवण्यात आलं. सरकारी माणसंच हवीत, असा आक्षेप. सेंट ल्युसियानं हा मुद्दा अपिलात लढवला आणि १९९७ मध्ये तो जिंकला. आपला वकील कोण असावा हे आता तिथं ज्याचं त्यानं ठरवायचं. माझ्या मते या अख्ख्या भांडणातली सगळ्यात मोलाची कमाई हीच. गरीब देशाला न्यायालयाचं दार उघडं असून भागत नाही, बोलणारा माणूसही आत जाऊ द्यावा लागतो.

निकाल युरोपच्या विरोधात गेला. युरोपनं ‘मानत नाही’ असं एकदाही म्हटलं नाही. नियम बदलले, पण असे बदलले की भेदभाव दुसऱ्या रूपात तसाच राहिला. पुन्हा तक्रार झाली आणि युरोप पुन्हा हरला. १९९९ मध्ये अमेरिकेला वर्षाला १९ कोटी १४ लाख डॉलरच्या युरोपियन मालावर दंडाची जकात लावायची परवानगी मिळाली. यादीत काय होतं? हँडबॅगा, अंघोळीची सुगंधी द्रव्यं, बेडशीट, बॅटऱ्या. केळीशी ज्याचा आयुष्यात संबंध आला नाही, असा युरोपातला कारखानदार त्यात सापडला आणि स्वतःच्याच सरकारला जाब विचारू लागला. दंडाच्या जकातीची कळ तीच असते. ती लागते एकाला, ओरड पोचते दुसऱ्याकडं.

इक्वेडोरलाही २००० मध्ये २० कोटी १६ लाख डॉलरची परवानगी मिळाली. पण युरोपच्या यंत्रांवर जकात लावली तर यंत्रं महाग इक्वेडोरलाच पडणार. म्हणून त्याला युरोपचे कॉपीराइटसारखे हक्कही काही प्रमाणात थांबवायची मुभा दिली गेली. त्यानं ते हत्यार कधी चालवलं नाही, नुसतं हाती ठेवलं.

डिसेंबर २००९ मध्ये तडजोड झाली. टनाला १७६ युरो असलेली जकात टप्प्याटप्प्यानं ११४ वर आणायचं ठरलं. कागदोपत्री शेवट झाला ८ नोव्हेंबर २०१२ ला. एका बागेतून किती पिलबागा आणि खोडवे निघाले असतील याचा हिशोब केळीवाल्यांनीच करावा! त्यानंतर चार वर्षांनी, २०१६ मध्ये, आपल्या ‘जळगाव केळी’ला भौगोलिक मानांकन मिळालं आणि जून २०२१ मध्ये तांदलवाडीच्या शेतकऱ्यांची २२ टन मानांकित केळी दुबईला गेली. निर्यातीची वाट धरली की हे जिनिव्हाचे नियम आपल्याही शेताच्या बांधापर्यंत येतात.

कापूस: निकाल मोडायचा भाव, महिन्याला एक हप्ता

बोदवड, जामनेर, धरणगावच्या जिनिंगवाल्यांना न्यूयॉर्कचा वायदा पाठ असतो. तो वायदा का पडतो याचं एक उत्तर २००२ मध्ये ब्राझीलनं जिनिव्हात मांडलं. अमेरिका आपल्या कापूस उत्पादकांना एवढं अनुदान देते की जगभरचा भाव दबतो, असं त्याचं म्हणणं. भारत इथंही तिसरा पक्ष होता, आणि आफ्रिकेतले बेनिन नि चाड हे अत्यंत गरीब देशही. मार्च २००५ मध्ये अपिलातही ब्राझील जिंकला.

अमेरिकेनं एक योजना बंद केली, बाकीचं अनुदान चालूच ठेवलं. २०१० मध्ये ब्राझीलनं दंडाच्या जकातीची १०२ वस्तूंची यादी जाहीर केली, तेव्हा अमेरिका बोलणी करायला आली. आणि ठरलं काय? अमेरिकेनं ब्राझीलच्या कापूस उत्पादकांसाठी वर्षाला १४ कोटी ७३ लाख डॉलर द्यायचे, महिन्याच्या हप्त्यानं. म्हणजे स्वतःच्या शेतकऱ्याचं अनुदान चालूच, आणि ते चालू ठेवण्यासाठी दुसऱ्या देशाच्या शेतकऱ्याला पैसे! २०१३ मध्ये हप्ते थकले. २०१४ च्या ऑक्टोबरात एकरकमी ३० कोटी डॉलर देऊन प्रकरण मिटलं.

बेनिन आणि चाडला यातलं काही मिळालं नाही. जळगाव-धुळ्याच्या कापूस उत्पादकालाही नाही. भाव सगळ्यांचा दबला होता, भरपाई मात्र ज्याच्याकडं दंड लावायची ताकद होती त्यालाच मिळाली. मला या सगळ्या यादीतला हा निकाल सर्वांत जास्त टोचतो.

साक्रीचं ऊन

साक्री तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प आहे, जर्मनीच्या केएफडब्ल्यू बँकेच्या कर्जावर उभा राहिलेला. तो उभा राहत होता त्याच सुमारास राष्ट्रीय सौर मोहिमेतल्या एका अटीवरून अमेरिकेनं भारताला जिनिव्हात खेचलं. मोहिमेतल्या काही प्रकल्पांना भारतात बनलेले सेल आणि पॅनेलच वापरायचं बंधन होतं, ते परदेशी मालावर अन्याय करतं, ही तक्रार. सप्टेंबर २०१६ मध्ये भारत अपिलातही हरला. आपण डिसेंबर २०१७ मध्ये कळवलं की अट काढली, निकाल पाळला. अमेरिका म्हणाली, पाळला नाही.

पण भारत गप्प बसला नव्हता. हरलो त्याच महिन्यात आपण उलट दावा ठोकला, की अमेरिकेची आठ राज्यं हेच करतात. २०१९ मध्ये तो आपण जिंकलो. शेवटी जून २०२३ मध्ये पंतप्रधानांच्या वॉशिंग्टन दौऱ्यात दोन्ही देशांनी असे सहा वाद एका झटक्यात मिटवले. त्या सौद्याचा भाग म्हणून भारतानं अमेरिकन हरभरा, मसूर, बदाम, अक्रोड, सफरचंदांवरची जादा जकात काढली. सौर पॅनेलचा निकाल आणि जळगावच्या डाळमिलचा कच्चा माल एकाच टेबलावर ठेवले गेले ते असे.

साखर अडकली कुठं?

१४ डिसेंबर २०२१ ला ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला उसाच्या एफआरपीवरून, म्हणजे सरकारनं ठरवलेल्या किमान दरावरून, भारताविरुद्ध जिंकले. आपला युक्तिवाद होता की एफआरपीचे पैसे कारखाना देतो, सरकार नव्हे. तो टिकला नाही. जानेवारी २०२२ मध्ये आपण अपील केलं. ते ऐकणार कोण? अपील मंडळाला किमान तीन सदस्य लागतात आणि अमेरिकेनं नेमणुका अडवून ठेवल्यामुळं डिसेंबर २०१९ पासून ते मंडळच बंद पडलेलं. त्यामुळं निकाल लागूही नाही आणि रद्दही नाही. आज शहादा पट्ट्यातल्या ऊस उत्पादकाला याचा फायदाच झाला, हे खरं. पण उद्या आपल्या केळीवर कुणी अन्याय्य जकात लावली आणि आपण जिंकलो, तर समोरचाही याच रिकाम्या मंडळाकडं अपील करून निवांत बसेल.

धुळे तुरुंगातला १८ वर्षांचा मुलगा

धुळ्याचा तुरुंग म्हटलं की १९३२ आठवतं. विनोबांची गीता प्रवचनं आणि ती उतरवून घेणारे साने गुरुजी. १९४० मध्ये त्याच तुरुंगात आणखी एक कैदी आला. युद्धविरोधी प्रचारासाठी पकडलेला, वय जेमतेम १८, पुण्याचा. खटला न चालवताच त्याला जवळजवळ वर्षभर तिथं ठेवलं. नाव मधू लिमये.

ज्याला कोवळ्या वयात खटल्याविना कोंडलं, तो कायद्याचा पक्का अभ्यासक झाला यात नवल नाही. १९६८ मध्ये लिमये लोकसभेत होते. त्या वर्षी १९ फेब्रुवारीला कच्छच्या रणाचा आंतरराष्ट्रीय निवाडा आला. १९६५ च्या एप्रिलमधल्या चकमकींनंतर भारत-पाकिस्ताननं हा वाद लवादाकडं दिला होता. अध्यक्ष स्वीडनचे लागरग्रेन, भारतानं निवडलेले युगोस्लाव्हियाचे बेब्लर, पाकिस्ताननं निवडलेले इराणचे एन्तेझाम. पाकिस्ताननं मागितलेल्या सुमारे साडेतीन हजार चौरस मैलांपैकी साधारण दहावा हिस्सा त्याला मिळाला. बेब्लर यांनी वेगळं मत दिलं, पण बहुमताचा निवाडा तो निवाडा.

देशभर संताप उसळला. तीन वर्षांपूर्वीच युद्ध झालेलं, आणि त्याच शत्रूला जमीन कागदावर सही करून द्यायची! इंदिरा गांधींचं सरकार म्हणालं, आम्ही शब्द दिला होता, निवाडा बंधनकारक आहे, पाळू. विरोधकांनी रस्त्यावर सत्याग्रह केला आणि काही जण सर्वोच्च न्यायालयात गेले. त्या याचिकाकर्त्यांत मधू लिमये होते. त्यांचा प्रश्न नेमका होता: देशाची भूमी द्यायची तर घटनादुरुस्ती नको का? १९६० मध्ये बेरुबाडीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानंच ती लागेल असं म्हटलं होतं.

१९६९ च्या सुरुवातीला सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांच्या घटनापीठानं याचिका फेटाळल्या. मुळात सीमाच वादातली होती. ती ठरवून घेणं म्हणजे आपली निर्विवाद जमीन देऊन टाकणं नव्हे. म्हणून घटनादुरुस्तीची गरज नाही. नकाशांवर सह्या झाल्या, सीमेचे खांब उभे राहिले.

मला यात दोन्ही बाजूंचा अभिमान वाटतो. हरलेलं सरकार लोकक्षोभ अंगावर घेऊन निवाडा पाळतं आणि त्याच सरकारला एक खासदार आपल्या देशाच्या न्यायालयात उभं करून विचारतो की तुम्ही हे कोणत्या अधिकारानं करता? कायद्याचं राज्य म्हणजे या दोन्ही गोष्टी एकाच वेळी चालू असणं. अशीच धीराची वागणूक आपण २०१४ मध्ये पुन्हा दाखवली. बंगालच्या उपसागरातल्या वादग्रस्त २५,६०२ चौरस किलोमीटरपैकी १९,४६७ लवादानं बांगलादेशला दिले आणि भारतानं ते मान्य केलं. दोनच वर्षांनी दक्षिण चीन समुद्रावरच्या निवाड्याला चीननं रद्दबातल म्हटलं, तेव्हा भारत-बांगलादेशचं उदाहरण जगाला मुद्दाम सांगावं लागलं.

आधी सभासद, आठ दिवसांत दावा

१९५४ च्या पावसाळ्यात दादरा-नगरहवेली पोर्तुगीजांच्या हातून सुटली. त्या मोहिमेत सुधीर फडके स्वतः होते आणि लता मंगेशकरांनी निधीसाठी पुण्यात गायलं होतं. पोर्तुगालनं काय केलं? १४ डिसेंबर १९५५ ला तो संयुक्त राष्ट्रांत दाखल झाला, १९ तारखेला हेगच्या न्यायालयाचा अधिकार मान्य केला आणि २२ ला भारतावर दावा लावला. दमणहून दादराला जायचा आमचा रस्ता भारतानं अडवला, ही तक्रार.

भारतानंही लगेच हात आखडता घेतला. जानेवारी १९५६ मध्ये न्यायालयाचा अधिकार मानण्याच्या आपल्या घोषणेत नव्या अटी घातल्या. चालू दाव्याला त्या लागू होणार नव्हत्या, पुढच्यांना होणार होत्या. तिथं भारताच्या बाजूचे खास न्यायाधीश म्हणून बसले ते मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती म. क. छागला. धुळे-जळगावची अपिलंही त्यांच्याच न्यायालयात जायची. १२ एप्रिल १९६० चा निकाल असा की खासगी माणसं, मुलकी अधिकारी आणि माल यांना रस्ता द्यायला हवा होता, सैन्य आणि हत्यारी पोलिसांना नाही. आणि भारतानं जे केलं त्यात कायदाभंग नाही. दोन्ही देशांनी आपण जिंकल्याचं सांगितलं.

मग पुढं काय? मुक्त दादरा-नगरहवेलीला करार करायला कुणीतरी प्रमुख हवा होता. बडलानी नावाच्या आयएएस अधिकाऱ्याला त्यासाठी एक दिवस पंतप्रधान केलं आणि नेहरूंशी करारावर त्यांची सही घेतली. ११ ऑगस्ट १९६१ ला प्रदेश भारतात आला.

पोर्तुगालशी गाठ पुन्हा पडली ती अबू सालेम या गुंडाच्या खटल्यांत. सालेमला २००५ मध्ये पोर्तुगालनं भारताच्या हाती दिलं ते फाशी नाही आणि २५ वर्षांहून जास्त कैद नाही, या लेखी हमीवर. २०११ मध्ये लिस्बनच्या न्यायालयानं म्हटलं की भारतानं जादा आरोप लावून अट मोडली. तिथल्या सर्वोच्च न्यायालयानंही तेच धरलं. आपल्याकडं २०१३ मध्ये काही आरोप मागं घेण्यात आले. जळगावात वकिली सुरू केलेले उज्ज्वल निकम ज्या खटल्यात सरकारी वकील होते, त्या प्रदीप जैन खून खटल्यात सालेमला २०१५ मध्ये जन्मठेप झाली. आणि जुलै २०२२ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयानं सरकारला सांगितलं की २५ वर्षं पुरी झाल्यावर दिलेला शब्द पाळावा लागेल. गुन्हेगार कितीही मोठा असो, देशाचा शब्द त्याहून मोठा.

सावरकर: चार दिवसांची सुनावणी

८ जुलै १९१० ला मार्सेलच्या बंदरात सावरकरांनी बोटीतून उडी टाकली. फ्रेंच शिपायानं त्यांना धरून इंग्रजांच्या हवाली केलं. फ्रान्सनं आक्षेप घेतला, प्रकरण हेगच्या लवादाकडं गेलं. १४ ते १७ फेब्रुवारी १९११ सुनावणी, २४ ला निकाल. लवादाच्या पाच सदस्यांपैकी बर्नार्ट आणि रेनो हे दोघं शांततेचे नोबेल मानकरी. निकालात म्हटलं की परत देण्यात अनियमितता झाली, तरी ब्रिटननं कैदी परत करायचं बंधन नाही. तोवर मुंबईत सावरकरांना जन्मठेप सुनावून झालीही होती. ज्याच्या आयुष्याचा फैसला होत होता, त्याला त्या दालनात बाजू मांडायला जागाच नव्हती. वाद दोन साम्राज्यांचा, माणूस फक्त विषय.

बोरविहीरचा जवान आणि पवईचं घर

२९ सप्टेंबर २०१६ ला धुळ्याजवळच्या बोरविहीरचे जवान चंदू चव्हाण नियंत्रण रेषेपलीकडं गेले आणि पाकिस्तानच्या ताब्यात सापडले. ती बातमी ऐकून त्यांच्या आजी वारल्या. धुळ्याचे खासदार सुभाष भामरे तेव्हा संरक्षण राज्यमंत्री होते. कुठल्याही न्यायालयाविना, सैन्यांच्या आणि सरकारांच्या बोलण्यांतून, २१ जानेवारी २०१७ ला वाघ्याहून चंदू चव्हाण परत आले.

त्याच वर्षी १० एप्रिलला पाकिस्तानच्या लष्करी न्यायालयानं भारताचे माजी नौदल अधिकारी कुलभूषण जाधव यांना फाशी सुनावली. भारत ८ मे रोजी हेगला गेला आणि १८ मे रोजी फाशीला स्थगिती मिळाली. हरीश साळवे यांनी या खटल्याची फी घेतली एक रुपया. १७ जुलै २०१९ ला न्यायालयानं १५ विरुद्ध १ मतांनी सांगितलं की पाकिस्ताननं परदेशी कैद्याला वकिलातीची मदत मिळवून देणारा व्हिएन्ना करार मोडला आहे, जाधवांना भारतीय अधिकाऱ्यांना भेटू द्या आणि शिक्षेचा परिणामकारक फेरविचार करा. सोडा, असं मात्र सांगितलं नाही.

पाकिस्ताननं निकाल मान्य आहे असं जाहीर केलं. २ सप्टेंबर २०१९ ला एक भेट घडवली. मे २०२० मध्ये फेरविचारासाठी वटहुकूम काढला, नोव्हेंबर २०२१ मध्ये त्याचा कायदा केला. भारताचं म्हणणं, भेट मोकळी नव्हती आणि कायद्यात निकालाचा जीव नाही. कागदावर सगळं पाळलेलं आणि माणूस अजून आतच. पवईत राहणाऱ्या जाधवांच्या कुटुंबाला डिसेंबर २०१७ मध्ये भेट मिळाली होती, तीही काचेच्या आडून. तरीही हे मी ठामपणे लिहितो की हेगला गेलो नसतो तर आज जाधव जिवंत आहेत असं म्हणता आलं नसतं.

कारण त्याच व्हिएन्ना कराराखाली अमेरिकेनं काय केलं ते बघा. २००४ मध्ये हेगनं ५१ मेक्सिकन कैद्यांच्या शिक्षांचा फेरविचार करायला सांगितलं. जाधव खटल्यात न्यायालयानं याच निकालाचा धागा पुढं नेला. राष्ट्राध्यक्ष बुश यांनी राज्यांना तसं कळवलं. टेक्सासनं ऐकलं नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं २००८ मध्ये ठरवलं की संसदेनं कायदा केल्याशिवाय हेगचा निकाल टेक्सासला बांधत नाही. ऑगस्टमध्ये त्यांतल्या एकाला देहदंड दिला गेला. आणि मार्च २००५ मध्येच अमेरिका अशा तक्रारी हेगला नेऊ देणाऱ्या जोड-करारातून बाहेर पडली होती.

मणिबेली

अक्कलकुवा तालुक्यातलं मणिबेली आज नंदुरबार जिल्ह्यात आहे, १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यात होतं. सरदार सरोवरात महाराष्ट्रातलं सगळ्यात आधी बुडणारं गाव. जागतिक बँकेनं १९८५ मध्ये धरणाला ४५ कोटी डॉलर मंजूर केले होते. नर्मदेकाठच्या लोकांच्या लढ्यामुळं बँकेला ब्रॅडफोर्ड मोर्स यांची स्वतंत्र समिती नेमावी लागली. तिनं जून १९९२ मध्ये बँकेनं स्वतःचेच नियम मोडल्याचं सांगितलं. हे न्यायालय नव्हतं, तरी सरकारची प्रतिक्रिया हरलेल्या पक्षासारखीच होती. बँकेनं अटी घातल्या आणि मार्च १९९३ मध्ये भारतानं कळवलं की उरलेलं कर्ज आम्हाला नको. धरण चालूच राहिलं.

पण बँक बदलली. सप्टेंबर १९९३ मध्ये तिनं तपासणी मंडळ स्थापन केलं. बँकेच्या पैशानं होणाऱ्या प्रकल्पानं नुकसान होत असेल तर सरकारला मध्ये न घेता बाधित माणसं थेट तिथं तक्रार करू शकतात. १९९४ मध्ये जगभरच्या संघटनांनी मोठ्या धरणांच्या कर्जाविरुद्ध जे निवेदन काढलं त्याला नावच मणिबेलीचं दिलं. सातपुड्याच्या कुशीतल्या भिल्ल-पावरा वस्त्यांनी एका जागतिक संस्थेला दार पाडायला लावलं, आणि त्यांचं स्वतःचं गाव मात्र पाण्याखाली गेलं. त्यांच्या पुनर्वसनाच्या तक्रारी आजही शिल्लक आहेत, त्या सोडवणं ही महाराष्ट्र सरकारची जबाबदारी आहे.

ते मंडळ अजून चालू आहे. तक्रारीला वकील लागत नाही, फी लागत नाही. एकाच भागातली दोन किंवा अधिक बाधित माणसं पुरेशी आहेत, आणि इंग्रजी जमत नसेल तर अर्ज आपल्या भाषेत लिहिलेला चालतो.